दवाखान्यात एकानेच जावे, पण जावेच

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



कापसाच्या भावाचे सोडून हा माणूस सकाळी सकाळी दवाखान्याचे काय काढून बसला, असे काहींना वाटेल. कापसाचे दुपारी आहेच, त्यातून तुमची सुटका नाही. पण गेले दोन महिने मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, उदगीर या भागात गावबैठका घेत फिरतो आहे आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. बैठक संपते, चहा येतो आणि कोणीतरी कोरोनाचे बोलणे काढतो. एक जण म्हणतो, "बापाचं शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही हो." लगेच दुसरा म्हणतो, "पाहायला गेले म्हणून तर आमच्या घरातले तिघे पडले." दोघेही खरे बोलतात. दोघांनाही पटेल असे उत्तर मात्र तिथे कोणाकडेच नसते. मग माणसे उठून जनावरांना पाणी पाजायला जातात.

आज त्या उत्तराचा प्रयत्न करायचा आहे. मी डॉक्टर नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर, पिकांचे रोग शिकलेला माणूस. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. पण रोग एका ताटावरून दुसऱ्या ताटावर कसा जातो, हे मला थोडेफार समजते. आणि समजत असूनही मी काय केले, ते आधी सांगतो.

मार्च २०२१. दुसरी लाट नुकती चढायला लागली होती. माझ्या चुलत्यांना शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात भरती केले. कोणत्या, ते सांगत नाही. तसा तो एकटाच होता असे नाही. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. माणूस दवाखान्यात पडला की भावकीतल्या प्रत्येक घरचा एक तरी माणूस जाऊन यावा लागतो. नाही गेला तर पुढची दहा वर्षे ऐकावे लागते, "मेलो की जगलो, पाहायला आला नाही." तर आम्ही एका जीपमध्ये अकरा जण गेलो. काचा बंद, कारण रस्त्यावर धूळ. तोंडाला रुमाल, तोही गावाची शीव ओलांडेपर्यंत.

वॉर्डाच्या दारावर आम्हाला अडवले. मला चार शब्द नीट बोलता येतात, म्हणून मला एकट्याला आत सोडले. चुलते डब्याला हात लावत नव्हते. "तू खा, मग मी खातो," म्हणाले. मी रुमाल खाली केला आणि त्यांच्याच खाटेवर बसून भाकरी आणि पिठले खाल्ले. दोन तास बसलो. खिडक्या बंद होत्या, वर पंखा फिरत होता. घरी आलो, अंघोळ केली, कपडे भिजत टाकले आणि आईजवळ बसून सगळी हकिकत सांगितली. चौथ्या दिवशी मला कणकण आली. नवव्या दिवशी आईला ताप.

चुलते पंधरा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी आले. आई आली नाही.

मीच रोग घरात आणला असे कागदावर सिद्ध करता येणार नाही. पण त्या पंधरवड्यात आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती आणि मी पडलो होतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. आईला जिथे नेले तिथे दार कडेकोट बंद होते. मी तापाने घरी, भाऊ नऊ दिवस फाटकाबाहेर लिंबाखाली. चौकशीच्या खिडकीवर रोज एकच उत्तर, "स्थिर आहेत." डबा आत जायचा, पण तो तिच्या तोंडापर्यंत जातो का, हे कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या मुलाला फोन केला आणि त्या मुलाने भावाला लिंबाखाली येऊन सांगितले, "तुमच्या आईचा ऑक्सिजनचा मास्क रात्री निघतो. त्यांना शुद्ध नसते. माझी आई उठून बसवते." ती बाई स्वतः पेशंट होती. तिचे नाव आम्हाला अजून ठाऊक नाही.

म्हणजे एकाच घरात, एकाच महिन्यात, मी तसा आत गेलो हे चुकले आणि भाऊ आत जाऊ शकला नाही हेही चुकले. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरून मला आज बोलायचे आहे.

दार बंद केले म्हणून साथ थांबत नाही

आपल्या सरकारी दवाखान्यात पेशंटचे बरेचसे काम नातेवाईक करतो. पाणी पाजणे, भांडे देणे, कूस बदलणे, सलाईन संपली की सिस्टरला हाक मारणे. एक सिस्टर आणि वॉर्डभर पेशंट, तिने तरी कुठे कुठे पाहावे? कोरोनात हा नातेवाईक एका दिवसात बाहेर काढला आणि त्याचे काम करायला दुसरे कोणी नेमले नाही. बैलजोडीतला एक बैल सोडून घ्यायचा आणि नांगर तेवढाच खोल चालला पाहिजे म्हणायचे, असे झाले.

जून २०२० मध्ये जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलातून ८२ वर्षांची एक कोरोनाची पेशंट बेपत्ता झाली. घरचे शोधत राहिले. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच दवाखान्याच्या संडासात सापडला. सरकारने अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले. निलंबन ठीक आहे. पण घरचे एक माणूस दिवसातून एकदा त्या खाटेपाशी जात असते, तर आठ दिवस लागले असते काय?

यापेक्षा मोठे नुकसान दवाखान्याबाहेर होते. आत गेलेला माणूस पुन्हा दिसत नाही, असे एकदा गावाच्या मनात बसले की लोक आजार लपवतात. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा रँड साहेबाने गोरे सोल्जर घराघरांत घुसवले, आजाऱ्याला दवाखान्यात आणि बाकीच्यांना छावणीत नेले. लोकांनी काय केले? आजारी माणसे घरातच लपवायला सुरुवात केली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेच्या पुस्तकात आहे. लपवलेले पेशंट पुस्तकात येत नाहीत.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला; भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग, आणि तो तर श्वासातून जाणारा. लाखो लोक सुरत सोडून पळाले. दवाखान्यातून पेशंट पळाल्याच्याही बातम्या होत्या. औषध साधे होते, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या. पण ते घ्यायला माणूस जागेवर तर राहिला पाहिजे. मी तेव्हा शाळेत होतो. सुरतेहून आलेल्या एका घराला आमच्या गावात हापशावर पाणी भरू देत नव्हते, ते मला आठवते.

२०२१ मध्ये आपल्याकडे काय झाले? ऑक्सिजन ९४ च्या खाली आला की दवाखाना गाठा, असे सांगून सांगून आशाताईंचा घसा बसला. माणसे ८० वर आल्यावर निघाली. "तिकडे गेलो तर एकटाच मरेन, घरी निदान सगळे आहेत," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. त्या माणसाला अडाणी म्हणू नका. त्याने त्याच्या परीने हिशेब केला होता. तो हिशेब बदलायचा असेल तर त्याला सांगता आले पाहिजे की बाबा, तुझ्याजवळ रोज एक माणूस येईल.

बिडीचा धूर आणि ज्वारीची काणी

पहिल्या वर्षी आपण नोटा धुतल्या, भाजी पाण्यात बुडवून ठेवली, गावच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. पुढे स्पष्ट होत गेले की हा रोग मुख्यतः हवेतून जातो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानासुद्धा जे बारीक कण बाहेर पडतात, त्यांतून.

हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून पटत नाही. बिडी आठवा. बंद खोलीत एकाने बिडी ओढली तर पार कोपऱ्यातल्यालाही वास येतो आणि ओढणारा उठून गेला तरी वास राहतो. तीच बिडी अंगणात ओढली तर शेजारच्याला जेमतेम येतो. जिथे बिडीचा वास पोचेल तिथे त्या माणसाचा श्वास पोचला, असे धरून चाला. आता माझी जीप आठवा. अकरा माणसे, काचा बंद. आणि तो वॉर्ड, खिडक्या बंद, पंखा चालू. पंखा हवा फिरवतो, बदलत नाही.

कापूसवाल्यांना तर हे मी सांगायलाच नको. वाऱ्याकडे तोंड करून कोणी फवारतो का? २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्याकडे फवारताना तोंडाला काय असते? फाटका रुमाल. जो रुमाल विषाला अडवत नाही तो रोगालाही अडवत नाही, पण आपला त्या रुमालावर फार विश्वास. (जाता जाता एक सांगतो: पुढे ज्या एन-९५ मास्कचे बोलणार आहे तो कणांसाठी आहे, औषधाच्या वाफेसाठी नाही. उद्या कोणी तो लावून कपाशी फवारायला गेला आणि माझे नाव सांगितले तर चालणार नाही.)

आणि ज्वारीवाल्यांसाठी काणी. दाणे काणीचे बीज दाण्याला वरून चिकटलेले असते. दाणा हातात घेऊन पाहा, टपोरा, चकचकीत. पेरला, उगवला, गुडघ्याएवढा झाला, तरी काही दिसत नाही. कणीस निसवले की दाण्याच्या जागी काळी भुकटी. म्हणून आपण दाणा पाहून निर्णय घेत नाही. पेरण्याआधी सगळ्याच बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळतो. कोरोनाचे तसेच. लक्षण दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस रोग पसरवू लागतो, आणि सगळ्यात जास्त पसरवतो तो त्याच सुमारास. "मला तर काहीच नाही" या वाक्याला त्या दिवसांत काही अर्थ नसतो.

यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. पेशंटची तब्येत बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा आपण त्याला दवाखान्यात नेतो. म्हणजे त्याचे सगळ्यात जास्त रोग पसरवायचे दिवस घरीच होऊन गेलेले असतात. कोणाला लागले असेल? ज्यांनी त्याचे अंथरूण घातले, ज्यांनी त्याला जीपमध्ये बसवले, त्यांना. आणि तेच आता दवाखान्याबाहेर झाडाखाली घोळक्याने बसून एका डब्यात जेवत असतात. आमच्या अकरांपैकी चौघे आजारी पडले. त्यांतले तिघे वॉर्डात गेलेच नव्हते. मलाही तो वॉर्डात लागला की जीपमध्ये, देव जाणे. याचा अर्थ वॉर्डात धोका नाही असा नव्हे. ज्याचा आजार तीव्र आहे तो वीस दिवसांपर्यंतही रोग देऊ शकतो आणि वॉर्डात असे अनेक असतात. अर्थ एवढाच, की दारावरचा शिपाई एका माणसाला अडवत होता तेव्हा खरी साथ त्याच्या पाठीमागे झाडाखाली जेवत होती.

एक माणूस

म्हणून माझे म्हणणे असे. साथीच्या दिवसांत पेशंटपाशी एकच माणूस जाईल, रोज तोच जाईल, आणि भावकी त्याच्या मागे उभी राहील. पंढरीला घरातला एक जण जातो आणि जाताना सगळ्यांचा नमस्कार घेऊन जातो, तसे.

हा माणूस निवडायचा कसा? मोठा मुलगा म्हणून नाही आणि जो जास्त रडतो तो म्हणूनही नाही. लस घेतलेला असावा. साठीच्या आतला, शुगर नसलेला, दम्याचा त्रास नसलेला. गरोदर बाई नको. ज्याला जरा जरी खोकला, कणकण आहे तो तर नकोच. आजारी भेटणारा सगळ्या वॉर्डाला रोग देऊन येतो. शक्यतो ज्याच्या घरात म्हातारे नाहीत असा. त्याला बदली म्हणून एक नाव आधीच ठरवून ठेवावे. आणि हे काम दरवेळी सुनेच्या गळ्यात घालायचे, असे होऊ देऊ नका. मायबहिणी हसताहेत, म्हणजे मी काय म्हणतो ते त्यांना कळले.

त्याने मोटारसायकलवर किंवा काचा उघड्या ठेवून जावे. तोंडाला एन-९५ मास्क. एन-९५ म्हणजे बारीक कणांतले शेकडा ९५ तरी अडवणारा. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. वरची तार नाकावर दाबायची, जोरात श्वास सोडून पाहायचा, डोळ्यांकडे हवा आली तर तो बसलेला नाही. दाढीवर तो नीट बसत नाही, तेव्हा दाढी काढावी लागेल. समोर झडप असलेला मास्क घेऊ नका, त्यातून आपला श्वास गाळल्याशिवाय बाहेर जातो. महाग आहे म्हणाल, तर ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ ची जास्तीत जास्त किंमत प्रकाराप्रमाणे १९ ते ४९ रुपये ठरवून दिली होती. अकरा माणसांच्या जीपच्या भाड्यात किती मास्क आले असते, याचा हिशेब मी नंतर केला. तुम्ही करू नका, त्रास होतो. टंचाईच्या काळात पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून एकेक दिवस आळीपाळीने वापरायची पद्धत होती, तीही चालते. फाटला, ओला झाला, सैल पडला की मात्र टाकायचा.

निघताना घरून जेवून, पाणी पिऊन निघायचे. आत गेल्यावर मास्क खाली येता कामा नये. जेवायला नाही, चहाला नाही, फोनवर बोलायलाही नाही. पेशंट म्हणेल, "तू खा, मग मी खातो." त्याला सांगायचे, "मी खाऊन आलो." खोटे असले तरी सांगायचे.

आत पाऊल टाकल्यावर पहिले काम, सिस्टरला विचारून खिडकी उघडायची. दुसरे, पेशंटच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नीट आहे का पाहायचे. मग पाणी, डबा. चष्मा, कवळी, मोबाईलचा चार्जर या बारीक वस्तू फार मोठ्या असतात. चष्मा नसलेल्या म्हाताऱ्याला त्या पांढऱ्या कपड्यांतली माणसे भुतासारखी दिसतात आणि तो घाबरून सलाईन ओढतो. डॉक्टरांनी पालथे झोपवायला सांगितले असेल तर हात द्यायचा; पालथे झोपल्याने काही पेशंटचा ऑक्सिजन वाढतो, पण अशक्त माणसाला एकट्याला ते जमत नाही. निघताना सिस्टरला तीनच गोष्टी विचारायच्या: ऑक्सिजन किती, खाल्ले किती, लघवी झाली का. वहीत तारीख घालून लिहायच्या. अर्ध्या तासात हे सगळे होते. दोन तास बसून मी यातले एकही केले नव्हते.

बाहेर आल्यावर मोकळ्यावर जाऊन आधी साबणाने हात धुवायचे, मग मास्क मागच्या पट्ट्यांना धरून काढायचा, पुन्हा हात धुवायचे. झाडाखालच्या घोळक्यात बसायचे नाही. आणि जितके दिवस हे काम चालू आहे तितके दिवस, नंतरही आठ-दहा दिवस, त्याने घरात म्हाताऱ्यांपाशी झोपायचे नाही. आपल्याकडे प्रत्येकाचा शेतात आखाडा आहे, नसेल त्याची ओसरी आहे. तिथे बाज टाकावी. जेवण तिथे द्यावे. घरात यावेच लागले तर मास्क लावून.

राहिली भावकी. संध्याकाळी सात वाजता त्याने फोन करून वहीत लिहिलेले वाचून दाखवायचे, एका घराने ते दहा घरांना सांगायचे. ज्यांचे पाय दवाखान्याकडे ओढ घेतात त्यांनी ते पाय पेशंटच्या शेताकडे वळवावे. त्याची ज्वारी काढणीला आली असेल, कापूस वेचायचा राहिला असेल, जनावरे हंबरत असतील. माझ्या चुलत्यांच्या दोन एकर हरभऱ्याची काढणी त्या वेळी राहिली आणि घाटे शेतात फुटले. त्यांना भेटायला मात्र अकरा जण गेले होते.

दवाखान्याकडे काय मागायचे

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ ला जाहीर केले. मग आत्ता कशाला, असे विचाराल. पेरणी झाल्यावर बीजप्रक्रिया करता येत नाही म्हणून. शिवाय टीबी तर आपल्या वॉर्डांतून कधी गेलाच नव्हता आणि तोही हवेतूनच जातो. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात घेतला, त्यालाही हेच नियम लागू.

आपल्या दोन जिल्ह्यांचा मोठा भार विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर आणि लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेवर पडतो. दोन्हीकडे आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही निवेदन द्यायचे आहे. भांडायला जायचे नाही. त्या काळात डॉक्टर आणि सिस्टरसुद्धा मेले आहेत, हे विसरू नका. निवेदनात एवढेच: साथ आली तर प्रत्येक पेशंटमागे एका ठरलेल्या नातेवाइकाला ओळखपत्र द्या, त्याची वेळ ठरवा, मास्क नीट बसतो का ते दारावर तपासा, नसेल तर तिथेच विकत मिळू द्या. ज्यांच्याकडे पाठवायला माणूस नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी फोन. आणि नातेवाइकांसाठी चारी बाजूंनी उघडी शेड, पाण्याचा नळ, साबण. पत्र्याची बंद खोली नको.

हे होत नाही असे कोणी म्हणाले तर त्यांना इबोला सांगा. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या देशांत इबोला आला, त्या साथीत अकरा हजारांहून जास्त माणसे गेली. कोरोनापेक्षा कितीतरी जीवघेणा रोग. तिथेही सुरुवातीला लोक पेशंट लपवत होते, कारण तंबूत गेलेला दिसत नव्हता. मग उपचार केंद्रांत मधे अंतर ठेवून दोन कुंपणे घातली; अलीकडून नातेवाईक, पलीकडून पेशंट, समोरासमोर बोलू लागले. इबोला अंगातल्या स्रावांतून लागतो, त्यामुळे तेवढे अंतर पुरते. पुढे काँगोच्या साथीत तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंतींच्या खोल्या वापरल्या, की आई बाहेर उभी राहून लेकराला पाहू शकेल. ते देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

आता प्रश्न. मागून हात वर आहे... बोला आजी. आजी विचारतात, "आणि वाचणारच नसल माणूस, तर?"

आजी, मग तर नियम सैल झाला पाहिजे, घट्ट नव्हे. डॉक्टरांनी वेळ जवळ आली असे सांगितले की घरच्यांनी एकेक करून, मास्क लावून, थोडा थोडा वेळ आत जावे आणि दवाखान्याने जाऊ द्यावे. आधी आणि नंतर हात धुऊन हात हातात घेता येतो. ही मागणीही निवेदनात घाला.

आणि गेल्यानंतरचे सांगतो, कारण ते फार थोड्यांना माहीत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच मृतदेहाबद्दलच्या सूचना काढल्या होत्या. अंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही, स्मशानात गर्दी करायची नाही, असे त्यात होतेच. पण कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची तोंडाकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचे दर्शन घेऊ द्यावे, याला त्यात परवानगी होती. स्पर्श न करता होणारे विधी, मंत्र, पाणी शिंपडणे, यालाही होती. म्हणजे "शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही" असे जे गावोगाव ऐकतो, ते तोंड पाहू देण्याचा कागद पहिल्या महिन्यापासून सरकारी फायलीत होता. माझ्या भावालाही तो कोणी दाखवला नाही आणि मागायचा असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हते. त्याच्या प्रती काढून आणल्या आहेत, जेवणाआधी त्या बाहेरच्या टेबलावर ठेवतो. प्रत्येक गावाने एक घेऊन जा.